सगळे डावरे

खालची वाडी, पोलादपूर
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, सन १९६१

राहे,

आणि वर तो राजा दानसुद्धा डाव्या हाताने करतो! घेणारा बामण डाव्या हाताने घेतो, आणि देव खूश होऊन आभाळातून फुलं टाकतो तीपण डाव्याच हाताने. मी सगळा सिनेमाभर वाट बघत बसले, एक तरी उजव्या हाताचा माणूस निघेल. नाय निघाला. लढाईत तलवारी डाव्या, पंगतीत घास डावे, लग्नात नवरीला हळद लावली तीपण डाव्या हाताने. हे मुंबईचे लोक सिनेमा काढतात का लोकांची थट्टा करतात? तू तिथंच हायस. जा आणि विचार त्यांना.

तू काय विचारणार म्हणा. तुला साधं पत्राला उत्तर द्यायला होत नाय. मुंबईला ये-जा करणाऱ्या सोनबाबरोबर गणपतीत पत्र दिलं, दिवाळीला दिलं. सोनबा म्हणतो, "हातात दिलं वयनी, तिने माझ्यादेखत वाचलं." वाचलंस तर मग बोटं झिजली काय? तुझं अक्षर वाकडं असलं तरी मला लागतं. लहानपणी मास्तरांचा डोळा चुकवून डाव्या हाताने पाटीवर लिहायचीस ते मीच वाचायची ना?

तर पोलादपुरात नदीच्या अंगाला सिनेमाचा तंबू लागलाय. आपल्या गावकीने तंबूवाल्याला आधीच सांगून ठेवलं, आमच्या बायका यायच्या तर पुरुषांच्या नजरेला पडता कामा नये. मग त्याने तंबूच्या मधोमध पडदा बांधला. पलीकडे पुरुष आणि ते चित्र टाकणारं मशीन, अलीकडे आम्ही बायका. सिनेमाच्या आधी एक माणूस पडद्यावर पाणी मारतो, म्हणजे आमच्या अंगालापण चित्र उतरतं. सोय बरी हाय. कापड ते कापड, गोधडी या अंगाने बघितली काय आणि त्या अंगाने काय.

एवढंच, की सुरुवातीला नावं येतात ती मला वाचता आली नायत. दुसरीपर्यंत शिकले, पोथी वाचते, पण ती अक्षरं काय जुळेनात. शेजारी रखमा. ती विचारते, "काय लिवलंय गो ठकू?" मी म्हटलं, "हिंदी हाय."

राणी मात्र मला आवडली नाय. वनवासात निघाली तरी गजरा ताजा. काट्यांतून चालते आणि पदराला एक कुसळ नाय. तुझ्या सासूने हा सिनेमा बघायला पाहिजे होता. प्रयागबाईने तुझा डावा हात दोरीने पाठीला बांधून तुला पंगतीत वाढायला लावलं, का तर डाव्या हाताने भात वाढला की घरची लक्ष्मी जाते. इथं राणी डाव्या हाताने वाढते आणि राज्य चांगलं चाललेलं हाय. दोरीचं मला रखमाने सांगितलं, तू मुंबईला निघून गेल्यावर. तू सांगितलं नव्हतंस. तू नुसती रडत आलीस आणि मी दोन्ही वेळा तुला रावजीकडे परत पोचवली. कुणीही तेच केलं असतं. असो.

दोन वर्षं झाली. काय काम करतेस ते तरी कळव. सोनबाला विचारलं की तो "जाते कामाला" म्हणतो आणि आढ्याकडे बघतो.

आयचा मोतीबिंदू वाढलाय. तरी तंबूत येते. म्हणते, सावल्या दिसतात तेवढ्या पुरे.

तुझी थोरली बाय,
ठकू


संक्रांतीचा दुसरा दिवस

राहे,

तुझं नाव वाचवलंय मी. ते नीट सांगते, पण आधी सिनेमाचं सांगितलं पाहिजे, नायतर तुला कळायचं नाय.

या वेळी गावातला सिनेमा होता. म्हणजे त्यांना वाटतं ते गाव. गरीब शेतकरी हाय आणि त्याच्या धोतराला इस्त्री. नांगर धरतो तो जमीन नांगरतोय का पाठ खाजवतोय कळत नाय. लावणी लावायला बायका उतरल्या त्या पायांत पैंजण घालून! चिखलात पैंजण! आमच्या बाजूला एवढं हसणं झालं की पलीकडून पुरुष ओरडले, "ए, गप बसा गो!" आणि त्या शेतकऱ्याची म्हातारी आंधळी असते, तर मुलाने गाणं म्हटल्यावर तिला दिसायला लागतं. मी घरी येऊन आयपुढे तेच गाणं म्हटलं. काय झालं नाय. आय म्हणाली, "बस कर, कान तरी राहू दे."

आणि पुन्हा सगळे डावरे. पाटील विडा घेतो डाव्या हाताने, मास्तर छडी धरतो डाव्या हाताने. सगळ्या सिनेमात एकच बाई शहाणी निघाली. मधे विहिरीवरचं गाणं हाय, नटी तिथं दहा बायकांत मुरडते, आणि मागे एक बाई खरोखर पाणी भरते. डोक्यावर पदर, बाजूने दिसली न दिसली. उजव्या हाताने पाणी उडवलं, घागर कमरेला लावली आणि गेली. मी रखमाला म्हटलंसुद्धा, ही एकटी आईबापाने शिकवलेली दिसते.

तेवढ्यात पलीकडून बोंब. रावजी! तुझा नवरा वरच्या गावातून सिनेमा बघायला आलेला. उठून उभा राहिला आणि ओरडला, "तीच ती! माझी बायको! बघा रे, कशी नाचतेय चारचौघांत!" नाचत कुठं होती? पाणी भरत होती. पण त्याला काय.

आणि इकडे आयने माझा दंड धरला. "ठकू, राही गो ती."

"गप आये. तुला दिसतं काय?"

"दिसत नाय. पण ती राहीच हाय."

दुसऱ्या दिवशी काळकाईच्या देवळात गावकी बसली. रावजी आला होता चार माणसं घेऊन. म्हणाला, सिनेमात उभी राहिलेली बाई या वाडीच्या पालखीसमोर यायची नाय, तिला माहेरचा उंबरा बंद करा. आपल्याला भाऊ नाय, आय माझ्याकडे. तुझं माहेर म्हणजे माझाच उंबरा. तो हा बंद करणार! मी बायकांतून उठले आणि म्हटलं, "राही डावरी हाय, अख्ख्या मुलखाला ठाऊक हाय. ती सिनेमातली बाई उजव्या हाताची होती."

तर पुरुष म्हणाले, "डाव्या!"

आम्ही म्हटलं, "उजव्या!"

काय सांगू तुला. सगळे पुरुष एका तोंडाने डावा म्हणतात, आम्ही सगळ्या बायका उजवा. एकजात खोटं बोलतात गो. रावजीने त्यांना काय पाजलं होतं देव जाणे. तुझे भावोजीपण! मान खाली घालून म्हणाले, "मला तरी डावाच दिसला." मी त्यांना त्या दिवशी भाकरी वाढली ती न बोलता.

मग गावकीतले वडीलधारे कोंडाजीबाबा म्हणाले, शब्दाला शब्द लागलाय, आता देवी सांगेल, जो पायावरचं फूल उचलेल त्याचं खरं. रावजी पुढे झाला आणि थबकला. मी थबकले नाय. गेले आणि उचललं. म्हटलं, "ती माझी बहीण नाय." संपलं. रावजी चपला घालून गेला. पालखीला पहिली ओटी आपल्या घरची असते, माझ्या शपथेवर कोण बोलणार?

तेव्हा आता मेहेरबानी करून दोन ओळी लिही. मी तुझ्यासाठी देवीसमोर उभी राहिले.

आय मात्र तेव्हापासून माझ्याशी बोलत नाय. भिंतीकडे तोंड करून बसते. तिळगूळ दिला तो हातात घेतला आणि ठेवून दिला. म्हातारपण, दुसरं काय.

ठकू


पौष अमावस्या, सोमवार

राहे,

आज जग बुडायचं होतं. आठ ग्रह एका घरात आलेत म्हणे. वाडीतल्या बायका चार दिवस जप करतायत, मोरूच्या घरी तर पेरायचं भातसुद्धा शिजवून खाल्लं, उद्या कशाला लागतंय म्हणून. आता दिवस मावळला आणि जग जिथल्या तिथं हाय. मोरूची बायको डोक्याला हात लावून बसलीय.

मला एका जागी बसवत नाय. दळायला बसले तर उठले, पाण्याला गेले तर कळशी विसरून परत आले. म्हटलं पत्र तरी लिहू.

तो विहिरीवाला सिनेमा पुन्हा बघायचा होता. परवा गेले तर तंबूत आम्ही तिघी आणि एक कुत्रं. तंबूवाला म्हणाला, "जग बुडतंय बाई, सिनेमा कोण बघणार?" त्याने बिऱ्हाड आवरलं. आता महाडला जाईन म्हणाला, शिवरात्रीच्या जत्रेला. मी विचारलं, "विहिरीवाला नेणार ना?" तो दोऱ्या सोडता सोडता म्हणाला, "सगळेच नेतो की."

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहायची राहिली. विसरले. त्या बाईने पाणी उडवलं म्हणून लिहिलं ना, तर ते उडवलं म्हणजे, घागर वर आल्यावर तिने तळहातभर पाणी घेतलं आणि परत विहिरीत सोडलं. पहिलं पाणी विहिरीचं. आय आपल्याला शिकवायची तसं. विहिरीकडून घेतो तर आधी तिचं तिला द्यावं. वाडीत दुसरं कुणी करत नाय. सासरी तू करायचीस तर प्रयागबाई म्हणायची, ही काय चेटूक करते.

आय आज बोलली. इतक्या दिवसांनी बोलली ती एवढंच, "सावली वाकली, थांबली आणि हात विहिरीवर नेला. ठकू, तू डोळ्यांची असून तुला दिसलं नाय?"

मी म्हटलं, "आये, हात उजवा होता."

"हाताचं तू बघ. मी पाण्याचं सांगते."

मुंबई एवढी मोठी, कुणा दुसऱ्या बाईचीपण आय तसं शिकवत असेल. असेल ना? तूच सांग. मला "मी नाय" एवढं लिही, म्हणजे मी रात्रीची झोपेन. देवीपुढे फूल उचललंय गो मी. मी पाहिलं तेच सांगितलं, हे खरं. पण रखमाने काल विचारलं, "तू पाहिलंस म्हणून फूल उचललंस, का रावजी गप्प बसावा म्हणून?" मी तिला म्हटलं, "तुझी म्हैस सुटलीय, बघ."

सोनबाने आढ्याकडे बघितलं ते का बघितलं? त्याला ठाऊक असेल तर त्याच्या तोंडून नको, तुझ्या हातचं पाहिजे.

ठकू


महाशिवरात्रीचा दुसरा दिवस, सोमवार

राही गो,

हे पत्र सोनबाबरोबर देत नाय, पोस्टात टाकते. उभ्याने लिहिते, चुलीवर भात हाय.

काल मी आणि रखमा विरेश्वराच्या छबिन्याला महाडला गेलो होतो. देवदर्शन झालं, बांगड्या भरल्या, आणि मी म्हटलं, तंबू कुठाय? रखमा म्हणाली, "तू देवाला आलीस का तंबूला?" मी म्हटलं, चल.

महाडात आपल्या गावकीचा कायदा नाय. तिथं पुरुष आणि बायका एकाच अंगाला बसतात, मधे नुसती दोरी. सगळ्यांची तोंडं पडद्याकडे आणि मशीन पाठीमागे. शेजारी टपालमास्तरांची बायको होती, अंबिकाबाई, गोरीपान, पुणेरी बोलणारी. दिवे गेले आणि पडद्यावर नाव आलं.

राही, मला ते वाचता आलं.

सगळं वाचता आलं. नाव, खालचं नाव, त्याच्या खालचं. मी मोठ्याने वाचायला लागले. अंबिकाबाई हसून म्हणाल्या, "वाचा, वाचा, मी चष्मा विसरले आहे." मला आधी काय सुचलंच नाय, एवढा आनंद झाला. म्हटलं, या वेळी नावं मराठीत काढलीत.

मग पाटील आला. विडा उजव्या हाताने घेतला. मास्तरची छडी उजव्या हातात. मी रखमाला म्हटलं, "यांनी माणसं बदलली काय?"

रखमा म्हणाली, "माणसं तीच हायत. तो बघ, तोच मिशीवाला." आणि मग म्हणाली, "ठकू, आपण तिकडे मागे बसायचो ना?"

मी उठले. लोकांच्या अंगावरून, पोरांच्या पायांवरून तशीच पडद्याच्या मागे गेले. तंबूचा माणूस ओरडतोय, "ओ बाई, कुठं चाललात?" मागून बघितलं तर मास्तर डावरा! पुढे आले, उजवा. परत मागे, डावरा. तो माणूस माझ्या मागे, मी पडद्याभोवती. लोक सिनेमा सोडून मला बघतायत. राही, गोधडी दोन्ही अंगांनी सारखी नसते गो. एवढ्या गोधड्या शिवल्या आणि मला कळू नये.

मग विहिरीचं गाणं सुरू झालं. मी पुढच्या बाजूला मधोमध उभी होते तिथंच राहिले. नटी मुरडत होती ती मुरडू दे. तू आलीस. घागर ओढलीस, डाव्या हाताच्या तळव्यात पाणी घेतलंस, थांबलीस, आणि परत सोडलंस. पदर होता तरी हनुवटीवरचं गोंदण दिसलं मला. अंगाने भरलीस. हात मोकळा होता.

मी ओरडले, "राहे!"

अंबिकाबाईंनी मागून माझा पदर ओढला. "अहो, खाली बसा ना, मागच्यांना दिसत नाही."

"माझी बहीण हाय ती!"

"कोण? ती नायिका?"

"नायिका कसली! ती नुसती नाचते. ती मागची, पाणी भरणारी. गेली पण."

तर त्या पुन्हा पडद्याकडे बघून म्हणाल्या, "हो का? मला वाटलंच, हिला खरं पाणी भरता येतं." थट्टेने नाय गो म्हणाल्या, मनापासून. मला तिथं रडू आलं. सिनेमात रडायचं ते गाणं पुढे होतं, मी आधीच रडून मोकळी.

आता ऐक. पुरुष खरं बोलत होते. हे लिहिताना पेन अडतं, पण लिहिते. तुझ्या भावोजींना काल रात्री सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मला वाटलं माझेच डोळे गेले." आयला सांगितलं. तिने कोपऱ्यात ठेवलेला तो संक्रांतीचा तिळगूळ उचलला आणि माझ्या तोंडात घातला. दगड झाला होता.

आणि मी चारशे माणसांत ओरडले, "माझी बहीण हाय ती." त्यांत वरच्या गावचे असतील. रावजीच्या कानावर जायला वेळ लागायचा नाय. पण तो आला काय नि नाय आला काय, माझी गाठ देवीशी हाय. शिमग्याला पालखी पहिली आपल्या अंगणात येते. तिच्या पायावरचं फूल उचलून जे हाय ते नाय म्हटलं, अशा हातांनी मी ओटी भरू? ते माझ्याने व्हायचं नाय. मला पालखीसमोर उभं राहून सांगायचं हाय, माझी शपथ चुकली, ती माझी बहीणच, तिने पाणी भरलं, पाणी भरण्यात पाप असेल तर वाडीतल्या सगळ्या बायकांना उंबरे बंद करा. कोंडाजीबाबा म्हणतील, पहिल्या ओटीचा मान गेला तुझ्या घराचा. जाऊ दे. रावजी म्हणेल, मी तिला टाकली. टाकू दे. त्याच्या घरात तुला परत पोचवणारी आता कुणी नाय.

पण मी हे उद्यासुद्धा उठून सांगितलं असतं. थांबले ती तुझ्यासाठी. नाव तुझं हाय. एकदा चारचौघांत घेतलं की सगळ्या तालुक्यात होणार, मुंबईला तुझ्या दारापर्यंत बातमी जाणार. दोनदा तुला न विचारता हाताला धरून चालवली, तिसऱ्यांदा देवीसमोर तुला न विचारता नाय करून टाकली. या वेळी विचारते. घेऊ का तुझं नाव?

घे म्हणालीस तर घेते. नको म्हणालीस तर पालखी येईल तेव्हा मी आत बसेन, ओटी रखमा भरेल, आणि लोक काय ते समजतील. आणि यायचं असेल तर ये. एस.टी. पोलादपूरला उतरवते, पुढे मी उभी असेन. आयने तुला काय विचारायचं ते सांगितलंय, ते तसंच लिहिते: "तिथल्या विहिरीला पाणी हाय का, का नुसतं सिनेमापुरतं ओततात?"

होळी पुढल्या मंगळवारच्या पुढच्या मंगळवारी हाय. पोस्टमन आपल्याकडे सोमवारी येतो. होळीच्या आदल्या सोमवारी मी सकाळपासून बांधावर उभी राहणार, भात करपला तरी चालेल. त्या दिवशी उत्तर हातात पडलं पाहिजे. हो किंवा नको, एक शब्द पुरे.

आणि सोनबाकडून लिहून घेऊ नकोस. तुझं तू लिही, डाव्या हाताने. दुसऱ्या हाताचं पत्र मी पोस्टमनला परत देईन.

बाय


(भात करपला.)